एक बॉबिन जास्त

दोरा कमी भरला तर आमच्या कारखान्यात बोंबाबोंब होते. जास्त भरला तर कोणी हूं की चूं करत नाही. त्या दिवशी माझा जास्त भरला होता.

आम्ही उंचावर काम करणाऱ्यांसाठी बेल्ट शिवतो. कमरेचा साधा पट्टा नव्हे. मांड्या, कंबर, छाती, खांदे असं सगळं आवळून धरणारा, आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध एक लोखंडी कडी असलेला. उंच इमारतीच्या काचा पुसणारा माणूस एका दोराला बांधलेल्या फळीवर बसून काम करतो. दुसरा दोर या कडीत अडकवलेला असतो. फळी नीट आहे तोवर कडीवर काही भार येत नाही. फळी निसटली की मात्र अख्खा माणूस त्या कडीवर येतो, आणि कडी असते शिवणीच्या भरवशावर. ती शिवण तेव्हा मी घालायचे. एकोणीस वर्षं मी कडीवर होते.

आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू. नाकावर माशी बसू द्यायची नाही मी. महिन्याभरापूर्वीच नवीन लागलेल्या एका मुलीचा एक टाका सुटला, तर मी तिला सगळ्यांसमोर असं झापलं की ती पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन रडून आली. "इथे ब्लाउज नाही शिवत आपण, माणसं टांगतो," असं मी म्हणाले होते. वाक्य मला फार आवडलं होतं. घरी जाऊन आमच्या ह्यांनाही ऐकवलं होतं.

आमच्याकडे दोरा वजनावर चालतो. सकाळी काटा प्रत्येकीला रीळ वजन करून देतो आणि संध्याकाळी उरलेलं पुन्हा तोलून घेतो. काटा म्हणजे आमचा भांडारवाला. त्याचं खरं नाव असेल काहीतरी, पण हातात कायम तराजू, म्हणून काटा. तयार बेल्ट तपासतोही तोच. भिंग लावून टाके मोजतो आणि दिवसातली पहिली कडी ताण देऊन बघतो. पहिलीच फक्त, कारण ताण दिलेली कडी विकता येत नाही.

दोरा घरी जाऊ नये यावर मोठ्या बाईंचा कटाक्ष. मोठ्या बाई म्हणजे मालकीण. बाकी बाई मोकळ्या मनाच्या. मधल्या सुट्टीत कोणाला घरचं काही शिवायचं असेल तर खुशाल मशीन वापरा म्हणतात, फक्त दोरा आपला आणा. आणि मी दोरा आपला आणणारी बाई. इतर जणी वीतभर कारखान्याचा वापरून मोकळ्या होतात. मी मात्र कधी, चुकूनसुद्धा नाही. त्या दिवशी माझा हा प्रामाणिकपणाच अंगाशी आला.

झालं असं की नातीच्या दप्तराचा बंद उसवला होता. नात आठ वर्षांची, घरात भिंगरीसारखी फिरते म्हणून भिंगरी. दप्तर पिवळं, म्हणून मी घरून पिवळा सुती दोरा नेला. कारखान्याचा दोराही पिवळाच असतो. काळ्या पट्टीवर पिवळी शिवण, म्हणजे एखादा टाका तुटला तरी लगेच दिसावा. मधल्या सुट्टीत मी एक रिकामी बॉबिन घेतली, तिच्यावर घरचा दोरा गच्च भरला, ती मशीनच्या पोटात बसवली, वर घरचं रीळ लावलं आणि बंद शिवला. पाच मिनिटांचं काम. मग भोंगा झाला. मी वरचं रीळ काढून पिशवीत टाकलं, कारखान्याचं लावलं आणि कामाला लागले.

वरचं काढलं, खालची बॉबिन काढायची राहिली.

ज्यांनी कधी मशीन चालवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनची शिवण दोन दोऱ्यांची असते. एक वरून सुईतून येतो, दुसरा खालून बॉबिनमधून, आणि दोघं पट्टीच्या आत एकमेकांत अडकतात. वरचा कितीही दणकट असो, खालचा कच्चा असेल तर शिवण कच्ची. आणि वरून बघणाऱ्याला ती अगदी सुरेख दिसते.

हे मला कळलं संध्याकाळी साडेपाचला, काट्याच्या टेबलापाशी.

एका बॉबिनमध्ये तीन कड्या होतात. दिवसाच्या कड्या चोवीस, म्हणून सकाळी मी आठ बॉबिन भरून घेते. संध्याकाळी आठही रिकाम्या परत द्यायच्या. त्या दिवशी मी डबा उपडा केला तर रिकाम्यांच्या ढिगात एक भरलेली निघाली. गच्च, पिवळीधमक, चकाकणारी. दोऱ्याचं टोकसुद्धा सुटलेलं नव्हतं.

"अरे वा!" काटा ओरडला. "बाईंनी आज अख्खी बॉबिन वाचवली! कड्या चोवीसच्या चोवीस, आणि दोरा शिल्लक! शिका जरा, शिका!"

सगळ्या हसल्या. ती नवीसुद्धा हसली. काचेच्या खोलीतून मोठ्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि त्याही हसल्या. आणि मी मनात हिशोब केला. चोवीस कड्या झाल्या आणि सातच बॉबिन लागल्या, म्हणजे तीन कड्या कारखान्याच्या दोऱ्याने शिवलेल्याच नाहीत. कोणत्या तीन, तेही मला लगेच कळलं. जेवणाआधी बारा झाल्या होत्या. म्हणजे तेरा, चौदा आणि पंधरा नंबर.

आणि तेरा आणि चौदा तीन वाजता गेले होते. मुकादम स्वतः येऊन घेऊन गेला होता. काचा पुसणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम, गप्पिष्ट माणूस, आमचं जुनं गिऱ्हाईक. काट्याने भिंग लावून पास केलेल्या ढिगातून त्याने वरचे दोन उचलले. "दोघा भावांना एकदम नवीन देतो, नाहीतर भांडतात," असं म्हणाला. "उद्या सकाळी साडेसहाला ऊन यायच्या आत चढवायचंय." बाजारापलीकडची बारा मजली काचेची इमारत, हेसुद्धा त्यानेच सांगितलं होतं.

मला बोलायला पाहिजे होतं. तिथेच, त्या टेबलापाशी. तोंड उघडलंही होतं मी. पण सगळ्या जणी माझ्याकडे बघून हसत होत्या आणि माझं उघडलेलं तोंडही हसलं. "अनुभव आहे, बाबा," असं काहीतरी मी म्हणाले. मग पिशवी उचलून घरी आले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

वाटेत मी स्वतःची समजूत घालत होते. सकाळी नऊ भरल्या असतील. मोजताना चुकले असेन. घरचा दोरा बंदातच संपला असेल. एकोणीस वर्षं आठ भरणारी बाई आजच बरी नऊ भरेल, हे काही मनाला पटत नव्हतं, पण मी पटवत होते. पिशवीत हात घालून घरच्या रिळाला पुन्हापुन्हा चाचपत होते. ते चांगलंच हलकं लागत होतं.

घरात पाऊल टाकलं तर भिंगरी वही घेऊन दारातच. शाळेच्या बाईंनी प्रत्येकाला एकेक शब्द दिला होता आणि त्याचे दहा उपयोग लिहून आणायला सांगितले होते. कोणाला पाणी, कोणाला हात. हिला दोरा.

"धागा चालेल, सूत चालेल, सगळं चालेल म्हणाल्यात बाई," ती म्हणाली. "नऊ झाले. दहावा तू सांग. तुझंच तर काम आहे."

"उद्या सांगते."

"उद्याच द्यायचंय ना पण! बघ तरी. एक, आजी सुईत दोरा ओवते. दोन, आजोबा सूत मारून लाकूड कापतात. तीन, डॉक्टर दोऱ्याने टाके घालतात आणि आई तो त्यांच्या हातात देते. चार, आजोबा सुतावरून स्वर्ग गाठतात."

"हे कोणी सांगितलं?" आमचे हे आतून ओरडले.

"तूच म्हणतोस ना टीव्हीवरच्या माणसांना! पाच, पोलिसांना चोरीचे धागेदोरे सापडले. सहा, वरच्या मजल्यावरच्या ताईचं आणि पेपरवाल्या दादाचं सूत जमलं."

"ते खोड आधी," माझी लेक म्हणाली. लेक हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीत नर्स आहे. दिवसपाळीहून आली होती आणि पाय पसरून बसली होती.

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी पोरीच्या वहीत डोकं घालून बसले आणि एक अक्षर दिसेना. शेवटी न राहवून ह्यांना विचारलं. आमचे हे सुतार. हात थरथरतात म्हणून काम सोडलंय, पण नजर अजून तशीच.

"अहो, तुमचं सूत कधी चुकलं तर?"

"चुकायचं की." त्यांना आपल्या कामाबद्दल कोणी विचारलं की कळी खुलते. "खाली सूतभर चुकलं की वर जाईपर्यंत वीतभर होतं. दार लागतच नाही मग."

"आणि लक्षात आलं तर काय करायचात?"

"काय करणार, उतरवायचं आणि पुन्हा घालायचं. लाकूड वाया. शिव्या खायच्या." ते हसले. "का गं? तुझं काय चुकलं?"

"माझं कुठे काय," मी म्हणाले. आणि लेकीकडे वळले. "तुमच्याकडे गं? तो टाक्यांचा दोरा. दोन तऱ्हेचा असतो म्हणाली होतीस ना?"

"एक आपोआप विरघळणारा, एक टिकणारा."

"चुकून विरघळणारा टिकणाऱ्याच्या जागी गेला तर?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं, आई. आम्ही दोघी दोघी वाचतो."

"तरी गेलाच तर?"

लेकीने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला माझा आवाज ओळखू येतो. "तर लगेच सांगायचं. त्याच मिनिटाला. पोट पुन्हा उघडावं लागलं तरी सांगायचं. का विचारतेस?"

"सहज," मी म्हणाले आणि भांडी घासायला गेले. घासलेली भांडी पुन्हा घासली. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, याहून त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुकादमाचा नंबर माझ्याकडे नव्हता, असं मी स्वतःला सांगत राहिले. काट्याचा होता, मोठ्या बाईंचाही होता, आणि फोन उशाशीच होता.

पहाटे पाचला उठले. कारखाना काटा पावणेसातला उघडतो. मी त्याच्या आधी दारात उभी.

"बाई? आज काय स्वप्न पडलं?"

"चावी लाव आधी," मी म्हणाले.

पंधरा नंबर शेल्फवरच होता. मी तो उलटा केला. शिवण रेखल्यासारखी. स्वतःच्या कामाचा इतका राग मला कधी आला नव्हता. खालच्या बाजूने दोऱ्याचं टोक टाचणीने उचकटलं, कापलं आणि काड्यापेटी मागितली. आमचा दोरा नायलॉनचा. काडी लावली की वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. सुती दोरा कागदासारखा जळतो. मी काडी लावली. दोरा भुर्रकन जळला आणि चिमटीत राख उरली.

काट्याच्याही तोंडचं पाणी पळालं. बेल्ट त्यानेच पास केले होते. "तेरा आणि चौदा?" त्याने विचारलं.

"गेले काल. आत्ता वर असतील."

त्याने मुकादमाला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. मग फोन खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "बाई, रागावू नका. पण फळी काय रोज तुटते? वर्षानुवर्षं कडीवर कधी भार येत नाही. आपण आज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून दोन्ही बदलून आणू. कोणाला कळायचंही नाही."

अगदी खरं सांगते, रात्रभर मीही हेच घोकत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. "त्या फळीवर तू बसतोस का?" मी ओरडले. "मोठ्या बाईंना फोन कर. सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. आणि मुकादमाला लावत राहा." काल टेबलावर ठेवलेली ती भरलेली बॉबिन तशीच पडून होती. का कोण जाणे, मी ती मुठीत घेतली आणि पळत सुटले.

टॅक्सीत चालकाला तीनदा सांगितलं, जरा लवकर. तो म्हणाला, "मावशी, सिग्नल लाल आहे, त्याला काय धक्का मारू?" सिग्नलला उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाची मला पाठच दिसत होती. दोन खांद्यांच्या मधली जागा. नवस बोलायची मला सवय नाही, तरी मी काहीबाही बोलत होते.

इमारतीच्या पायाशी मुकादम बादल्या भरत होता. फोन त्याच्या डब्याच्या पिशवीत, पिशवी झाडाला टांगलेली. पुढच्या बाजूला चौथ्या मजल्यावर धाकटा भाऊ दिसत होता.

"त्यांना खाली घ्या," मी म्हणाले. "दोघांना. आत्ता. बेल्ट खराब आहेत, मी शिवलेत, खालचा दोरा चुकलाय."

मुकादमाला वाटलं मी गंमत करतेय. मग त्याने माझं तोंड पाहिलं. त्याने तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. धाकट्याने खाली पाहिलं, हात हलवला आणि सरसर उतरून आला. पाय जमिनीला लागले तेव्हा मला रडू फुटलं. "थोरला कुठेय?" मी विचारलं.

"मागच्या बाजूला. अकराव्यावर. त्याला शीळ ऐकू येत नाही, कानात गाणी असतात त्याच्या." मुकादम धावत इमारतीच्या मागे गेला, मी त्याच्यामागे. वर, पार वर, एक ठिपका काच पुसत होता. त्याचे दोन्ही दोर खाली जमिनीपर्यंत लोंबत होते. मुकादमाने त्यातला एक हातात घेतला. वरच्या माणसाला बोलवायची त्यांची रीतच ती आहे. दुसऱ्या दोराला तीन हिसके द्यायचे. ते कडीला जाणवतात आणि माणूस खाली बघतो.

"हात लावू नका!" मी अशी किंचाळले की त्याने दोर सापासारखा टाकला. "तोच दोर! कडीचाच!"

मुकादम माझ्याकडे बघत राहिला. "मग बोलवायचं कसं त्याला? वर असला की फोनही घेत नाही तो."

पहारेकऱ्याकडे चाव्या होत्या. लिफ्टने आम्ही अकराव्यावर गेलो. सकाळची वेळ, कार्यालय रिकामं, खुर्च्या टेबलात सरकवलेल्या. आणि त्या भल्यामोठ्या काचेपलीकडे, माझ्यापासून दोन हातांवर, तो बसला होता. फळीवर, पाय सोडून, मान डोलवत, साबणाचा फेस काचेवर फिरवत. तिशीचा असेल. मिशीला फेस लागला होता.

मी त्याच्या तोंडासमोरच काचेवर टकटक केलं. त्याने वर पाहिलं, बाई दिसल्यावर हसला आणि मान झुकवली. मी बोटाने खाली खूण केली. खाली जा, खाली. त्याने काचेच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मान डोलावली, वाकला आणि तो कोपरा पुन्हा घासला. वाकताना त्याची पाठ वळली आणि मला कडी दिसली. काळ्या पट्टीवर माझी पिवळी शिवण. इतकी सुबक.

"नाही, नाही!" मी दोन्ही हात हलवले. त्याला वाटलं दुसरा कोपरा. तो फळीवर सरकला, एक हात लांब केला आणि दुसरा कोपराही लख्ख पुसला. फळी हलत होती. मग "आता झालं ना?" अशा अर्थाने भुवया उडवल्या. पहारेकरी माझ्यामागे फिसकन हसला. मी त्याला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

पिशवीत कागद शोधला. होता तो भिंगरीच्या वहीचा. रात्री झोपण्याआधी दहाव्या उपयोगासाठी तिने माझ्या पिशवीत खुपसला होता, पेन्सिलीसकट. मी तो उलटा केला. काय लिहू? बेल्ट कच्चा आहे असं लिहिलं तर तो मान वळवून पाठीकडे बघणार, हात मागे नेणार, गडबडणार. शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलं, "मुकादम बोलावतात. हळू खाली या." आणि दोन्ही हातांनी कागद काचेला लावला.

तो वाचत होता. माझ्या बाजूला भिंगरीचं अक्षर होतं. आजी सुईत दोरा ओवते. दहा आकडा आणि पुढे कोरं.

त्याने अंगठा वर केला. फडकं बादलीत टाकलं, हाताशी असलेला चाप दाबला आणि एकेक हात करत खाली जाऊ लागला. आधी पाय दिसेनासे झाले, मग छाती, मग डोकं. मी काचेला नाक लावून बघायचा प्रयत्न केला, पण ती काच उघडत नव्हती आणि सरळ खाली काही दिसत नव्हतं. लिफ्टला उशीर लागत होता. मी जिन्याने धावत सुटले. अकरा मजले. या गुडघ्यांनी कशी उतरले, देवाला ठाऊक.

खाली पोचले तेव्हा तो जमिनीवर उभा होता आणि मुकादमाशी हुज्जत घालत होता. "काय झालं एवढं? अर्धी काच राहिली माझी." धाकट्याने आपला बेल्ट केव्हाच काढून लांब भिरकावला होता. मुकादमाने सांगितलं. थोरला हसला. "नवा कोरा बेल्ट आहे, भिंगातून बघितलेला. बाईंना काहीतरी वाटलं असेल."

"अंगातला काढून बघा," मी म्हणाले.

"काढायला कशाला पाहिजे?" तो म्हणाला. तिथे एक लोखंडी कठडा होता, छातीएवढा. त्याने पाठीच्या कडीला आखूड दोर अडकवला, दुसरं टोक कठड्याला बांधलं, सगळ्यांकडे बघून डोळा मारला आणि पाय उचलून अंग खाली सोडून दिलं.

टर्रर् असा आवाज झाला आणि तो धपकन खाली बसला. पडला तो फार तर दोन हात. मुकादम हसला, धाकटाही हसला. ढुंगणावर आपटलेल्या माणसाला बघून कोणीही हसेल. मग कठड्याला लटकलेली कडी हलायची थांबली. तिला पिवळ्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. तेव्हा कोणी हसेना.

थोरला उठला नाही. बसल्या बसल्याच त्याने कडीकडे पाहिलं, मग मान वर करून इमारतीकडे, अकराव्या मजल्यापर्यंत. मिशीवरचा फेस वाळला होता.

"कोणी शिवलं हे?"

"मी."

मला वाटलं आता तो तोंड सोडेल. सोडावं असंच वाटत होतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी उभ्या उभ्या ऐकल्या असत्या आणि मला बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, "मग सांगायलाही तुम्हीच आलात."

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

मुकादम माझ्याकडे बघत होता. सकाळी कळलं, असं म्हणता आलं असतं. काडी लावली तेव्हाच तर खात्री झाली होती, अगदीच खोटं नव्हतं ते. मुठीतली बॉबिन मी इतकी आवळली होती की तिच्या कडा तळव्यात रुतल्या होत्या.

"काल," मी म्हणाले. "काल संध्याकाळी साडेपाचला."

त्याने ते ऐकलं.

"मी साडेसहापासून वर आहे," तो म्हणाला. "दोनदा फळीवर उभा राहिलो. वरचा कोपरा पुसायला."

चूक झाली, माफ करा, असलं काही ओठांवर आलंच नाही. रस्त्यावर मोठ्या बाईंची गाडी येऊन थांबली होती. त्या उतरून आमच्याकडे येत होत्या आणि त्यांच्या हातात दोन दुसरे बेल्ट होते. उद्यापासून मी कडीवर नसणार हे त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. माझ्या मशीनवर नवी बसली आणि मी पट्ट्या कापायला गेले. ते बरोबरच झालं.

थोरल्याने अंगावरचा उरलेला बेल्ट उतरवला. खिशातून फोन काढला. दोनदा नंबर चुकला. मग कोणीतरी उचलला.

"काही नाही गं," तो म्हणाला. "सहज केला. नाही, काम चालूच आहे. पोरगी उठली का? नको, उठवू नको, झोपू दे. तू बोल. काहीही बोल ना."

पलीकडची बाई काहीतरी सांगू लागली असावी. तो जमिनीवर बसून, डोळे मिटून, नुसता हं, हं करत ऐकत होता. मोठ्या बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या, तरी त्याने फोन ठेवला नाही.